मागील आंकड्यांवरून पुढील अंदाज बांधण्याची एक रीत

शेतीचा धंदा हा अंदाजाचा धंदा आहे, हें वाचकांस सांगावयास नको. बीं किती आणावें, खताच्या गोण्या किती मागवाव्या, कांदा किती एकरांत लावावा, विहिरीच्या पाण्याच्या भरंवशावर उन्हाळी पीक घ्यावें कीं न घ्यावें, ह्या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर पुढें काय घडेल ह्यावर अवलंबून असतें, आणि पुढचें आज कोणाच्याच हातीं नसतें. म्हणून प्रत्येक शेतकरी मागच्यावरून पुढचें ताडतो. तें योग्यच आहे. प्रश्न एवढाच कीं, किती मागें जाऊन पाहावें, आणि कोणत्या सालास किती महत्त्व द्यावें.

ह्या बाबतींत आपल्या लोकांत दोन संवयी आढळतात. पहिली संवय केवळ गेल्या सालाकडे पाहण्याची. गेल्या वर्षीं कांद्यास भाव चढला कीं यंदां गांवोगांव कांदा. गेल्या वर्षीं भाव पडला कीं यंदां कोणी रोप टाकावयास तयार नाहीं. दुसरी संवय दीर्घ सरासरीची. वीस-तीस वर्षांचे आंकडे मिळवावयाचे, वर्षांच्या संख्येनें भागावयाचें, आणि येईल तें प्रमाण मानावयाचें. पहिल्या संवयींत एका सालाच्या लहरीस सारा अधिकार दिला जातो. दुसरींत तीस वर्षांपूर्वींचा आंकडा व परवांचा आंकडा एकाच पंक्तीस बसतात. मधल्या काळांत विहिरी किती खोल गेल्या, वाण किती बदलले, ह्याची दाद त्या सरासरीस लागत नाहीं.

ह्या दोहोंच्या मधली एक रीत आहे. इंग्रजींत तिला एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणतात. मराठींत घातांकी समतलन म्हणतां येईल. नांव बोजड असलें तरी कृति त्रैराशिक येणाऱ्या कोणाहि गृहस्थास कागदावर करतां येण्यासारखी आहे. आज ती संगणकावर क्षणांत होते, आणि तेथेंच धोका आहे. कृति न समजतां यंत्रांतून निघालेला आंकडा ज्योतिषाच्या भाकितासारखा मानला जातो. म्हणून आधीं कृति पाहूं, मग यंत्राकडे वळूं.

नियम एका वाक्याचा आहे : जुन्या अंदाजांत झालेल्या चुकीचा एक ठराविक हिस्सा जुन्या अंदाजांत मिळवावा, म्हणजे नवा अंदाज तयार होतो. समजा, एका सोसायटीनें खरिपासाठीं युरियाच्या ४०० गोण्या लागतील असें धरलें होतें, आणि प्रत्यक्ष खप ४८० चा झाला. चूक ८० गोण्यांची. हिस्सा पाव धरला तर चुकीचा पाव म्हणजे २०, आणि पुढील खरिपाचा अंदाज ४२० गोण्या. पुढील सालीं खप ३८० च झाला, तर चूक ४० गोण्यांची पण उलट दिशेची. तिचा पाव १० वजा केला कीं त्यापुढील अंदाज ४१०. अंदाज प्रत्येक सालाकडून थोडें शिकतो, परंतु कोणत्याहि एका सालाच्या मागें धांवत सुटत नाहीं. ह्या हिश्शास संख्याशास्त्रांत अल्फा म्हणतात. तो शून्य व एक ह्यांच्या दरम्यान असतो. अल्फा एक धरला तर अंदाज म्हणजे निव्वळ गेल्या सालाचा आंकडा. शून्य धरला तर अंदाज कधींच हलणार नाहीं.

अल्फा पाव धरल्यानें कोणत्या सालास किती मान मिळतो, हें रुपयाच्या जुन्या हिशेबानें चांगलें समजतें. महसुली दप्तरांत आतां पैसेवारी लिहितात. तरी लोकांच्या तोंडीं अजून आणेवारीच आहे, तेव्हां आण्यांत सांगणें गैर होणार नाहीं. पुऱ्या अंदाजाचें वजन सोळा आणे धरलें, तर त्यांत सर्वांत ताज्या सालाचे चार आणे, त्यामागील सालाचे तीन आणे, त्यामागील सालाचे सव्वादोन आणे, आणि त्यामागील सालाचे पावणेदोनाहून किंचित् कमी. प्रत्येक पायरीस मागच्या पायरीचा पाऊण भाग उरतो. दहा सालांपलीकडील सगळीं सालें एकत्र केलीं तरी त्यांच्या वांट्यास एक आणाहि येत नाहीं. जुनें अगदींच पुसलें जात नाहीं, पण त्याचा आवाज बारीक होत जातो. हा उतार पाऊण, पाऊणाचा पाऊण, त्याचाहि पाऊण असा घातानें होतो, म्हणून रीतीस घातांकी हें विशेषण. आणखी एक सोय अशी कीं, हें सर्व साधण्यास जुन्या वह्या उपसाव्या लागत नाहींत. गेल्या वेळचा अंदाज एवढा एकच आंकडा जवळ असला कीं पुरे. सारा इतिहास त्याच्या पोटांत असतो.

ह्या रीतीचा जन्म शेतांत किंवा बाजारांत झालेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालाच्या सुमारास, रॉबर्ट ब्राउन हे अमेरिकन गृहस्थ तेथील नौदलासाठीं पाणबुडीचा मागोवा घेण्याच्या गणितावर काम करीत असतां त्यांस ही कल्पना सुचली. युद्धानंतर त्यांनीं तीच कल्पना सुट्या भागांच्या सांठ्यास लावली, आणि १९५९ सालीं सांठा-नियमनासाठीं अंदाज कसे करावे ह्यावर ग्रंथ लिहिला. दरम्यान कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेंतील चार्ल्स होल्ट ह्यांनीं १९५७ सालीं तींत चढउताराच्या कलाची भर घातली, आणि १९६० सालीं पीटर विंटर्स ह्यांनीं हंगामाची बाजू प्रसिद्ध केली. कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांची ही विद्या आहे, आणि म्हणूनच ती आपल्या सोसायट्यांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे.

आतां हा हिशेब खऱ्या आंकड्यांवर करून दाखविला पाहिजे. कल्पित आंकडे लेखकाच्या सोयीप्रमाणें वागतात. आर नांवाची एक संख्याशास्त्रीय संगणक-प्रणाली आहे. ती विनामूल्य मिळते, आणि तींत सरावासाठीं कांहीं जुन्या आंकडेवाऱ्या भरूनच दिलेल्या असतात. त्यांपैकीं एक इजिप्त देशांतील नाइल नदीची आहे. १८७१ ते १९७० ह्या शंभर वर्षांत आस्वान येथून दर वर्षीं किती पाणी वाहून गेलें, ह्याचे ते शंभर आंकडे आहेत. एकक दहा कोटी घनमीटरांचें आहे. १८७१ चा आंकडा ११२०, म्हणजे ११२ अब्ज घनमीटर पाणी.

परदेशची नदी कां घेतली, असें कोणी विचारील. नाइलचा पूर हबसाणच्या डोंगरांवर उन्हाळ्याअखेर पडणाऱ्या पावसाचा असतो, आणि तो पाऊस व आपला मान्सून हे पुष्कळदां एकाच सालीं दगा देतात. १८७७ सालीं नाइलचा आंकडा ८१३ पर्यंत उतरला. तोच काळ दख्खनच्या १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळाचा. १८९९ सालीं तो ७७४ झाला. त्याच सालीं आपल्याकडे १८९९-१९०० चा दुष्काळ सुरू झाला. शिवाय कैरोजवळील रोडा बेटावर पुराची उंची मोजण्याचा दगडी स्तंभ शेंकडों वर्षें उभा आहे, आणि त्यावरील पाण्याची खूण पाहून एके काळीं जमिनीचा सारा ठरत असे. महसुली नोकरींत जन्म काढलेल्या मनुष्यास अशा नदीविषयीं आपुलकी वाटली तर नवल नाहीं.

१८७१ ते १८९८ ह्या अठ्ठावीस वर्षांची सरासरी १०९८ येते. १८९८ च्या अखेरीस बसून पुढील सालचा अंदाज करणाऱ्यानें १०९८ म्हटलें, तर त्यास कोणी दोष देणार नाहीं. पण १८९९ चा आंकडा आला ७७४. चूक ३२४ ची. तिचा पाव ८१. नवा अंदाज १०१७. सन १९०० चा आंकडा ८४०. चूक १७७ ची, तिचा पाव ४४ च्या वर कांहीं, अंदाज ९७३. १९०१ सालीं ८७४ आले; अंदाज ९४८ वर आला. १९०२ सालीं ६९४, अंदाज ८८५. १९०३ सालीं पाणी वाढून ९४० झालें. चूक आतां दुसऱ्या बाजूची, म्हणून अंदाज चढून ८९८. असेंच आणखी दोन सालें चालविलें कीं १९०५ च्या अखेरीस अंदाज ८३७ येतो. (अपूर्णांक हिशेबांत राखले आहेत, लिहितांना मात्र पुरे आंकडे दिले आहेत.)

आतां त्याच वेळीं दीर्घ सरासरी काय सांगत होती तें पाहा. १८७१ पासून १९०५ पर्यंतच्या पस्तीस वर्षांची सरासरी १०४० येते. म्हणजे सात वर्षें लागोपाठ नदी खालीं वाहत असतांहि सरासरी जेमतेम ५८ नें उतरली. पुढें प्रत्यक्षांत काय झालें? १९०६ ते १९१५ ह्या दहा वर्षांची सरासरी ८१९ आहे. समतलनाचा अंदाज ८३७, सरासरीचा १०४०. १०४० वर विसंबून कोणी कालव्याखालील क्षेत्र ठरविलें असतें, तर दहा वर्षें दर पांच भागांपैकीं सुमारें एका भागास पाणी पुरलें नसतें. अंदाजाच्या रीतींतील फरक हा असा शेताच्या बांधापर्यंत येऊन पोंचतो.

दुसऱ्या संवयीची परीक्षा १९१३ सालीं होते. त्या वर्षीं नाइलचा आंकडा ४५६, शंभर वर्षांतील सर्वांत कमी. केवळ गेल्या सालाकडे पाहणारा मनुष्य १९१४ साठीं ४५६ म्हणाला असता. पावाच्या हिश्शानें चाललेला अंदाज त्या धक्क्यानें ८५९ वरून ७५८ पर्यंतच उतरला. १९१४ चा प्रत्यक्ष आंकडा ८२४. एकाची चूक ३६८ ची, दुसऱ्याची ६६ ची. एका विलक्षण वाईट सालानें घाबरून शेताचा सगळा बेत बदलणाऱ्यानें हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे.

पण पावच कां, हा प्रश्न उरतोच, आणि खरी मख्खी तेथेंच आहे. हिस्सा अर्धा धरला असता तर अंदाज १९०१ च्या अखेरीसच ८८१ वर आला असता, म्हणजे नवी परिस्थिति त्यास लौकर कळली असती. परंतु १९१३ च्या धक्क्यानें तोच ६३५ पर्यंत कोसळला असता. हिस्सा एक दशांश धरला असता तर १९१३ चा धक्का सहज पचला असता, पण १९०५ च्या अखेरीस तो अजून ९४५ वरच रेंगाळत असता. लौकर शिकणें आणि लहरीस न भुलणें हे दोन्ही गुण एकाच वेळीं पुरेपूर मिळत नाहींत. ज्या आंकड्यांत खरा बदल हळू व सालोसालची लहर मोठी, तेथें हिस्सा लहान ठेवावा. ज्यांत बदल खरा व टिकाऊ असतो, तेथें मोठा. पावसाच्या आंकड्यांस लहान हिस्सा शोभतो. बाजारभाव एकदां नव्या पातळीवर गेले कीं बहुधा कांहीं काळ तेथें राहतात, म्हणून त्यांस मोठा लागतो.

हें ठरविण्याच्या कामीं संगणक खरोखर उपयोगी पडतो. तो निरनिराळे हिस्से धरून सर्व सालें पुन्हां चालवून पाहतो, प्रत्येक सालची चूक काढतो, त्या चुकांचे वर्ग करून बेरीज करतो, आणि ज्या हिश्शानें ती बेरीज सर्वांत लहान येते तो हिस्सा देतो. आर प्रणालींत ह्यासाठीं होल्टविंटर्स नांवाची आज्ञा आहे. तीस नाइलची आंकडेवारी द्यावी, आणि बीटा व गॅमा हीं दोन पदें नकोत असें सांगावें, म्हणजे कल व हंगाम सोडून केवळ पातळीचा हिशेब होतो. उत्तरांत अल्फा सुमारें ०.२५ येतो. वर आम्ही पाव धरला तो ह्याच आधारावर. शेवटची पातळी, म्हणजे १९७१ साठींचा अंदाज, सुमारें ८०५ येतो. स्वतःचे आंकडे घालावयाचे असल्यास ते आधीं टीएस ह्या आज्ञेनें कालश्रेणीच्या रूपांत आणावे लागतात. त्या वेळीं आरंभाचें साल आणि वर्षांत किती नोंदी आहेत, हें सांगावें लागतें. वार्षिक असतील तर एक, मासिक असतील तर बारा. ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठाचे प्राध्यापक रॉब हाइंडमन ह्यांनीं आर प्रणालीसाठीं फोरकास्ट नांवाचा जोडसंच तयार केला आहे. त्यांतील ईटीएस ही आज्ञा कल व हंगाम घ्यावा कीं न घ्यावा हेंहि आंकडे पाहून स्वतः ठरविते.

यंत्रानें दिलेला अंदाज वाचतांना त्याच्या शेजारचे दोन आंकडे कधींहि गाळूं नयेत. नाइलच्या हिशेबांत ८०५ च्या दोन्ही बाजूंस सुमारें २८० ची मोकळीक धरावी लागते. म्हणजे शंभरांतील पंचाण्णव वेळां प्रत्यक्ष आंकडा ५२५ ते १०८५ ह्यांच्या दरम्यान पडावा, एवढेंच यंत्राचें म्हणणें असतें. पुष्कळांस ही मोकळीक यंत्राचा दुबळेपणा वाटतो. माझें मत उलट आहे. जो अंदाज आपली मोकळीक सांगत नाहीं, तो अंदाज सोसायटीच्या सभेंत मांडूंच देऊं नये. सावकाराचें कर्ज काढावयाचें तें ८०५ पाहून नव्हे, ५२५ पाहून. शिवाय हें पातळीचें भाकित आहे, एका सालाचें नव्हे. साध्या समतलनांत पुढील सालास ८०५, त्यापुढील सालासहि ८०५ च, आणि दहाव्या सालासहि तोच. फक्त मोकळीक रुंदावत जाते.

आणि त्या १९७१ च्या अंदाजाचें पुढें काय झालें? त्याचा उपयोगच उरला नाहीं. आस्वानचें उंच धरण १९७० सालीं पुरें झालें, आणि तेथून पुढें खालीं किती पाणी जावें हें पावसापेक्षां धरणाच्या दारांवरील मनुष्य ठरवूं लागला. मागचे शंभर आंकडे खरे, हिशेब बिनचूक, आणि तरी अंदाज निरुपयोगी. ह्या रीतीस कारणांचें ज्ञान मुळींच नसतें. १८९९ सालीं नदी कां उतरली हें तीस ठाऊक नव्हतें, आणि धरण बांधलें हेंहि ठाऊक नव्हतें. पहिल्या वेळीं चुकांवरून शिकून ती सांवरली. दुसऱ्या वेळीं शिकण्यासारखी नदीच उरली नाहीं. आपल्याकडील उदाहरण हवें तर डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीस बंदी केली आणि मे २०२४ मध्यें ती उठविली, तें घ्यावें. लासलगांवच्या कितीहि वर्षांच्या भावांत ती बंदी आधीं दिसणें शक्य नव्हतें. अशा वेळीं वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य यंत्रापेक्षां शहाणा ठरतो.

आतांपर्यंतचा हिशेब पातळीचा झाला. आंकडे सारखे एकाच दिशेनें चालले असतील तर मात्र साधी रीत कायमची मागें पडते. किती मागें, हेंहि सांगतां येतें. दर साल १० ची वाढ असेल आणि हिस्सा पाव असेल, तर अंदाज अखेर ४० नें मागें राहतो. कारण ४० चा पाव १० झाला म्हणजेच तो वाढीबरोबर चालूं लागतो, परंतु मधलें अंतर तुटत नाहीं. होल्ट ह्यांनीं ह्यावर उपाय काढला तो असा : पातळीप्रमाणेंच सालोसालच्या वाढीचाहि वेगळा अंदाज ठेवावा, आणि तोहि चुकीच्या हिश्शानें सुधारीत जावा. ह्या दुसऱ्या हिश्शाचें नांव बीटा. हा उपाय उत्तम आहे, पण लांबच्या अंदाजास घातक आहे, कारण वाढ अशीच चालू राहील असें तो गृहीत धरतो. तीन वर्षें भाव चढला म्हणून दहा वर्षें चढेल असें म्हणणारा अडत्या आणि हें सूत्र ह्यांत मग फरक राहत नाहीं. गार्डनर व मॅकेन्झी ह्या दोघांनीं १९८५ सालीं वाढ हळूहळू मंदावत नेण्याची तोड सुचविली. प्रणालींत ही तोड मिळत असेल तर कलाचा अंदाज तीशिवाय करूं नये, असें मी सुचवीन.

हंगामाची गोष्ट शेतकऱ्यास जास्त जवळची. हिवाळ्यांत दूध वाढतें, उन्हाळ्यांत आटतें. म्हणून मे महिन्याचा आंकडा जानेवारीच्या आंकड्याशीं भिडवून धंदा बुडाला असें म्हणणें वेडेपणाचें. विंटर्स ह्यांची रीत प्रत्येक महिन्याचें प्रमाण वेगळें ठेविते. समजा, एका डेअरीची पातळी रोज ४०० लिटर आहे, आणि मे महिन्याचें प्रमाण ०.८० आहे. तर मे महिन्याचा अंदाज ३२० लिटर. प्रत्यक्ष ३३६ लिटर दूध आलें. ३३६ ला ०.८० नें भागलें कीं ४२० येतात. म्हणजे हंगाम वजा जातां दूध घटलेलें नसून वाढलेलें आहे. चूक २० ची, तिचा पाव ५, नवी पातळी ४०५. महिन्याचें प्रमाण सुधारण्याचा तिसरा हिस्सा गॅमा. ह्या हिशेबास निदान दोन पुरीं वर्षें मासिक नोंदी हव्यातच, त्याशिवाय यंत्र आज्ञा घेत नाहीं. पण दोन वर्षांवर विसंबणेंहि बरें नव्हे, चार-पांच असावीं.

ज्यांस आर प्रणाली शिकण्याची उसंत नाहीं, त्यांस एक्सेलमध्यें २०१६ च्या आवृत्तीपासून फोरकास्ट शीट नांवाची सोय मिळते. तारखा व आंकडे असे दोन स्तंभ निवडले कीं ती अंदाज, त्याची मोकळीक व आलेख एकदम काढून देते. परंतु दोन गोष्टी तींत मनुष्यास न विचारतां होतात. एक म्हणजे ती कलाचा हिशेब नेहमीं धरते, मग आंकड्यांत खरा कल असो वा नसो. नाइलसारख्या आंकड्यांस तें अपायकारक होऊं शकतें. दुसरें म्हणजे गाळलेल्या नोंदी शेजारच्या नोंदींवरून आपणच भरून घेते, आणि शेंकडा तीसपर्यंत नोंदी गाळल्या असल्या तरी चालवून घेते. ज्या वहींत शेंकडा तीस नोंदी नाहींत, त्या वहीवरून केलेल्या अंदाजावर विश्वास किती ठेवावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

कोणतीहि रीत वापरली तरी एक परीक्षा घेतल्यावांचून ती कामास लावूं नये. शेवटचीं तीन-चार सालें झांकून ठेवावीं, मागच्या आंकड्यांवरून त्यांचा अंदाज करावा, आणि मग झांकलेलें उघडून चुका मोजाव्या. त्याच सालांचा अंदाज ‘गेल्या सालाइतकेंच’ ह्या अडाणी नियमानेंहि करावा. यंत्राची चूक अडाणी नियमाच्या चुकीहून कमी नसेल, तर यंत्र बाजूस ठेवावें. ह्यांत कमीपणा नाहीं. स्पायरोस माक्रिदाकिस ह्या ग्रीक विद्वानानें १९८२ सालीं १००१ कालश्रेणींवर निरनिराळ्या रीतींची चढाओढ लावून निकाल प्रसिद्ध केला, तेव्हां क्लिष्ट रीति साध्या रीतींहून सरस ठरतातच असें नाहीं, हेंच दिसून आलें.

बाजारभावाच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे, ती नदीस नसते. नदी आमचा अंदाज वाचीत नाहीं, शेतकरी वाचतो. उद्यां एखाद्या तालुक्यांतील सर्वांनीं एकाच यंत्रावर एकच चढा भाव पाहिला आणि सर्वांनीं कांदाच लावला, तर आवक वाढून भाव पडेल, आणि अंदाज त्याच्यावर विश्वास ठेवल्यामुळेंच खोटा ठरेल. म्हणून भावाचा अंदाज एकट्यानें न पाहतां, त्याबरोबर यंदां रोपें किती गेलीं, बीं किती विकलें गेलें, ह्याची चौकशी करणें अधिक मोलाचें. खताची मागणी, डेअरीचें दूध, विहिरीची पातळी, गोदामांतील आवक हीं ह्या रीतीचीं खरीं क्षेत्रें होत.

सोसायट्यांनीं आरंभ करावयाचा तर महिन्याचीं चार सदरें आंखलेली एक वही पुरे : अंदाज, प्रत्यक्ष, चूक, नवा अंदाज. बाजारभाव घ्यावयाचे असल्यास बाजार समित्यांचे रोजचे दर ॲगमार्कनेट ह्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. त्यांतील कमाल दर घेऊं नये. तो एखाद्या निवडक मालाच्या ढिगाचा असतो, आणि वाचणाऱ्यास भुलवितो. सर्वसाधारण दर घ्यावा. महिन्याचा एक दर काढतांना प्रत्येक दिवसाच्या दरास त्या दिवसाच्या आवकेनें गुणून मग एकूण आवकेनें भागावें, नाहींतर पन्नास क्विंटलांचा दिवस व पांच हजार क्विंटलांचा दिवस सारखे मोजले जातात. आणि ज्या दिवशीं बाजार बंद होता त्या दिवसाची जागा कोरी ठेवावी, तेथें शून्य लिहूं नये. यंत्र त्या शून्यास भावच समजतें.